तीन सिलिंडर, एक कान

२०२५च्या ऑगस्टमध्ये रामबागेतून काकांचा फोन आला. "अगं, गाडी उठतच नाहीये." उठत नाही हा आमचा खास इंदुरी प्रयोग, पुण्याची भावंडं याच दुखण्याला 'पिकअप गेला' म्हणतात. महेश्वरहून परत येताना गुजरीच्या पुढे मानपूरचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढेना. काकूंनी एसी बंद करायला लावला, तरी तेच. शेवटी दुसरा गिअर टाकून, मागच्या ट्रकचे हॉर्न ऐकत वर आले.

काकांचं निदान तयारच होतं. दोष पेट्रोलचा. त्या दिवसांत वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून घरोघरी चर्चा चालू होती, आणि काकांच्या बँकेतल्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर तर दुसरा विषयच नव्हता. मी पिथमपूरला इंजिनाच्या कॅलिब्रेशनचं काम करते, म्हणजे कुठल्या वेगाला, कुठल्या भाराला ठिणगी कधी पडावी याचे तक्ते भरते. घरच्यांच्या लेखी मात्र मी मेकॅनिक. म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

गाडी २०२३ची. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. एकवीस हजार किलोमीटर झालेले. पुस्तिकेत '९१ ऑक्टेन किंवा त्याहून जास्त' असं छापलेलं. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा नाही, स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही.

काकांनी सांगितलेली हकीकत अशी. मे महिन्यात थोडं जडपण जाणवलं, ते त्यांनी उन्हाच्या खाती टाकलं. जुलैत एका गॅरेजमध्ये प्लग आणि एअर फिल्टर बदलून घेतले. त्याच दिवशी, 'होऊन जाऊ दे' म्हणून, १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरलं. चार दिवस गाडी अक्षरशः उडाली, ॲव्हरेजही वाढलं. मग पुन्हा जैसे थे. पुढच्या वेळी पुन्हा १०० भरलं, तर या खेपेला काहीच फरक नाही. "म्हणजे पंपवाल्याने भेसळ सुरू केली," काका म्हणाले. एप्रिलमध्ये एसीचा गॅस गळत होता म्हणून पाइप बदलल्याचंही ते बोलता बोलता म्हणाले. ते मी वहीत लिहिलंच नाही.

ऑक्टेन कशाला म्हणतात

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज पंपावरच्या पाट्यांनी पक्का करून ठेवलाय. ऑक्टेन मोजतं ते दाब आणि उष्णता सोसून पेट्रोल किती वेळ गप्प बसू शकतं ते. मोजणी एका ठरावीक एक-सिलिंडरच्या इंजिनावर होते, ज्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, चालू असताना कमीजास्त करता येतं. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य. एखादं पेट्रोल ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, की ते ९५चं.

गप्प बसायचं कशासाठी? प्लगची ठिणगी पडली की ज्वाला तिथून चहूकडे पसरत जाते. तिच्या पुढे असलेलं, अजून न जळलेलं मिश्रण मागून दाबलं जातं, तापतं. ज्वाला पोचायच्या आत ते आपणहून पेटलं तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. हेच नॉकिंग. साध्या मोटारीच्या सिलिंडरमध्ये हा नाद सात-आठ हजार हर्ट्झच्या घरात असतो आणि तो ठरतो मुख्यत्वे सिलिंडरच्या व्यासावर. तबल्याचं तोंड जितकं लहान तितका स्वर चढा, तसंच हे. आवाज कानाला टकटक वाटतो, पण जोरात आणि सतत झाला तर पिस्टनची कड वितळवू शकतो.

आपल्याकडचं साधं पेट्रोल भारत स्टेज-२ या धुराच्या जुन्या नियमांच्या काळात ८८चं होतं, मग ९१चं झालं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या आसपास असल्यामुळे वीस टक्के मिसळीनंतर ते ९५ला पोचलं. म्हणजे नॉकिंगपुरतं बोलायचं तर काका ज्या पेट्रोलला शिव्या घालत होते ते त्यांच्या तरुणपणीच्या पेट्रोलपेक्षा बरंच सोशिक आहे. तेव्हा ऑक्टेन वाढवायला शिसं घालत; ते देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २०००ला.

इथेनॉलचा तोटा वेगळा आहे. लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. ही तूट इंजिन जास्त पेट्रोल फवारून भरून काढतं. खिसा हलका होतो, ॲव्हरेज पडतं, पण घाटात गाडी बसत नाही. काकांची तक्रार घाटातली होती. हे मला पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं.

इंजिनाला ऑक्टेन कळतं कसं

कळत नाही. टाकीत ऑक्टेन मोजणारं काही बसवलेलं नसतं. इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टने आवळलेला, पेढ्याएवढा नॉक सेन्सर असतो. त्यातल्या स्फटिकावर कंपनाचा दाब पडला की वीज तयार होते. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ही वीज सतत ऐकत नाही. ठिणगीनंतर क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ठरावीक अंशांतून जात असतानाची, नॉकिंग होऊ शकेल तेवढीच खिडकी तो उघडतो. त्या खिडकीत नेहमीच्या खडखडाटाहून मोठा आवाज आला, की त्या सिलिंडरची पुढची ठिणगी दोन-तीन अंश उशिरा टाकतो. उशिरा म्हणजे किती? ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा-हजारावा भाग लागतो. एवढ्याशा उशिराने शिखराचा दाब कमी होतो आणि नॉकिंग थांबतं.

मग आवाज आला नाही तर तो परत पुढे सरकू लागतो, पण अगदी पाव-पाव अंशाने. माघार धावत, परतणं रांगत. आणि एखाद्या वेगाला, एखाद्या भाराला वारंवार माघार घ्यावी लागली तर ते तो कायमच्या वहीत टिपून ठेवतो; पुढल्या वेळी त्या जागी आधीच उशिराने ठिणगी टाकतो. 'इंजिन पेट्रोलशी जुळवून घेतं' म्हणतात ते हे. जुळवून घेणं जवळजवळ सगळं एकाच दिशेचं: तक्त्यातल्या मर्यादेपर्यंत जायचं आणि तिथून मागे यायचं. त्या मर्यादेच्या पलीकडचं ऑक्टेन भरलं तर इंजिनाला त्याचं काहीच करता येत नाही. ९८ किंवा १०० गृहीत धरून तक्ते भरलेली इंजिनं असतात. पुस्तिकेत ९१ छापलेली काकांची गाडी त्यातली नव्हे.

माघारीची किंमत असते. दाबाचं शिखर उशिरा आलं की पिस्टनला मिळायची उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर पडते. ओढ कमी होते, चालवणारा पाय आणखी दाबतो, पेट्रोल आणखी जातं.

पहिली फेरी, आणि माझं चुकलेलं निदान

एका रविवारी पहाटे राऊहून मानपूरला गेलो. काका चालवत होते, मी बाजूला लॅपटॉप घेऊन. साध्या स्वस्त स्कॅनरवर फक्त ठिणगीचं एकूण टायमिंग दिसतं. सिलिंडरगणिक माघार बघायला कंपनीच्या यादीतले आकडे वाचणारं यंत्र लागतं, ते मी एका मित्राकडून आणलं होतं. निघण्यापूर्वी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवलं. पावसाळ्यात पाणी शिरलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. थर दिसला नाही.

लॉग, म्हणजे फेरीभर टिपलेले आकडे, बघून मी खूशच झाले. २,६०० ते ३,००० आरपीएमच्या पट्ट्यात सात अंशांची माघार. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी नेमकी याच पट्ट्यात असते. मी काकांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "नॉकिंग आहे. इंजिन स्वतःला वाचवतंय." म्हणजे काकांचंच निदान माझ्या शिक्क्यानिशी. कॉम्प्रेशन, गार करण्याची व्यवस्था, कार्बन, सगळ्या शक्यता मी रांगेत लावल्या. सेन्सरचा बोल्ट टॉर्क-पान्याने तपासला, कारण तो ढिला असला तर सेन्सर बहिरा होतो. बोल्ट ठीक होता.

पण काही उघडायच्या आधी एक सोपी परीक्षा होती. नॉकिंग खरं असेल तर १०० ऑक्टेनवर माघार कमी व्हायलाच हवी. आपल्याकडे इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२०च्या डिसेंबरात आणलं. भाव साध्याच्या जवळपास दीडपट. टाकी लाल काट्यापर्यंत रिकामी करून आम्ही ते भरलं, काकांच्या नापसंतीसकट. ईसीयूची वही स्कॅनरने पुसली, चार दिवस शहरात आणि बायपासवर गाडी फिरवली, आणि पुन्हा मानपूर.

माघार सात अंश. जशीच्या तशी.

त्या रात्री दोन्ही लॉग शेजारी ठेवून बसले. काकांच्या म्हणण्याप्रमाणे पंपवाला चोर होता तर या निकालाचा अर्थ सरळ होता: नळीतून १०० आलंच नाही. पण एका आकड्याने पंपवाल्याला सोडवलं. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय की जास्त हे तो सांगतो आणि ईसीयू फवारा वाढवतो किंवा घटवतो. आधीच्या लॉगमध्ये ही दुरुस्ती अधिक ३ टक्के होती, नव्या लॉगमध्ये उणे ४. सात टक्क्यांचा फरक. या महाग पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं, म्हणून तितका फवारा कमी पुरतो. गणित चपखल बसलं. टाकीतलं पेट्रोल खरोखर बदललं होतं. एका साक्षीदाराला ते कळलं होतं, दुसऱ्याला मुळीच नाही.

मग आधी नजरेआड झालेल्या दोन गोष्टी दिसल्या. एक, तिन्ही सिलिंडरची माघार सारखी होती. खरं नॉकिंग असं समान वाटप करत नाही. एखादा सिलिंडर जरा जास्त तापतो, एखाद्यात कार्बन जास्त असतो, तो आधी बोंबलतो. दोन, घाटात पाय दाबलेला असताना जितकी माघार तितकीच पिगडंबरजवळच्या सपाटीवर, निम्म्या भारावर. नॉकिंगला भार लागतो. इथे फक्त आरपीएम लागत होते.

इंजिन पेट्रोलशी जुळवून घेतच नव्हतं. ते कुठल्या तरी भलत्या आवाजाशी जुळवून घेत होतं.

जुलैतल्या त्या चार दिवसांचा उलगडाही इथेच झाला. प्लग बदलताना गॅरेजवाल्याने बॅटरी काढली होती. या गाडीत त्याने ईसीयूची वही कोरी होते. इंजिन पहिल्यापासून शिकू लागलं, चार दिवसांत तोच चुकीचा धडा पाठ केला आणि पुन्हा बसलं. श्रेय मात्र १०० ऑक्टेनला मिळालं. ॲव्हरेज वाढलं ते इथेनॉल नसल्यामुळे. दोन वेगळी कारणं, दोन्ही एकाच दिवशी, आणि बिल एकाच गोष्टीचं. काकांच्या जागी कोणीही फसलं असतं.

स्क्रूड्रायव्हर

छावणीतल्या एका गॅरेजचे उस्ताद आता सत्तरीच्या पुढे आहेत. आजोबांच्या फियाटचं टायमिंग तेच लावायचे. तेव्हा नॉक सेन्सर वगैरे भानगड नव्हती. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवायचा, गाडी चढावर न्यायची, टकटक ऐकू आली की केसभर मागे. काका सांगतात, सिमरोळच्या घाटाला जाऊन येईपर्यंत टायमिंग पक्कं झालं असं उस्ताद मानायचेच नाहीत. माघार घेणारा कान तेव्हा गाडीच्या बाहेर होता, एवढाच फरक.

मी त्यांना लॉग दाखवायला लॅपटॉप उघडला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला आणि गाडी उभी ठेवूनच आरपीएम हळूहळू चढवायला सांगितलं. अठ्ठावीसशेच्या आसपास त्यांनी हात वर केला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाला. एक जागा, दुसरी, तिसरी. "दीदी, ये इंजिन नी बज रिया. इसके ऊपर कुछ बज रिया है."

एसीच्या पाइपाला धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी ब्लॉकवर दोन बोल्टने बसते. एक बोल्ट नव्हताच. दुसरा अर्धवट आवळलेला. नॉक सेन्सरपासून जेमतेम वीतभर अंतर. एप्रिलमध्ये एसीचा पाइप बदलला होता.

पट्टी सतत वाजत असती तर एवढं रामायण घडलं नसतं. ईसीयू नेहमीच्या आवाजाची सरासरी धरतो आणि तिच्याशी तुलना करतो. सततचा खडखडाट त्या सरासरीत मुरून जातो. ही पट्टी एका विशिष्ट कंपनाला थरथरायची आणि मधूनच ब्लॉकला टेकायची. दहा फेऱ्यांत एकदा, पुन्हा पाच फेऱ्यांनी एकदा. नॉकिंगही असंच मधूनमधून येतं. सेन्सरची वायरिंग ठीक, बोल्ट ठीक, त्यामुळे कोड येण्याचा प्रश्नच नव्हता. सेन्सर तुटला असता तर उलट सोपं होतं. ईसीयूने पी०३२५ हा कोड लावून दिवा पेटवला असता. इथे कान उत्तम होता. त्याच्या शेजारी कोणी तरी चिमटा वाजवत होतं.

दहा नंबरचा बोल्ट उस्तादांच्या डब्यात सापडला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. स्क्रूड्रायव्हर पुसत त्यांनी मला विचारलं, यंत्रात हे का दिसलं नाही? मी म्हटलं, दिसलं होतं, मला वाचता आलं नाही. यावर ते बराच वेळ हसले.

दुरुस्तीनंतर

ईसीयूची वही पुन्हा पुसली. टाकी साध्या, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने भरली. अडीचशे किलोमीटर नेहमीसारखी चालवल्यावर महेश्वरला जाऊन परतीचा तोच चढ, तोच तिसरा गिअर, काकू मागे, सामान तेवढंच. २,६०० ते ३,०००च्या पट्ट्यात माघार शून्य ते एक अंश. गाडी तिसऱ्यात चढली.

फक्त चढाच्या सुरुवातीला, १,८०० आरपीएमला काकांनी गिअर न बदलता पाय पूर्ण दाबला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये दोन अंशांची माघार दिसली. एकाच सिलिंडरमध्ये, जड भाराला, कमी वेगाला. हे खरं नॉकिंग, आणि इंजिनाने त्याचं करायचं तेच केलं. पुढच्या महिन्यात काकांच्या आग्रहाखातर तीच फेरी १०० ऑक्टेनवर केली. ते दोन अंशही गेले. म्हणजे महाग पेट्रोलला या गाडीत करण्यासारखं काम आहे. किती, तर एका चढाच्या सुरुवातीपुरतं, आणि तेही वेळेवर दुसरा गिअर टाकायचा कंटाळा केला तर.

काकांनी लगेच हिशेब मांडला. बँकेतली सवय. महेश्वर नव्वद किलोमीटर, एकेरी सहा लिटर, लिटरमागे पन्नासेक रुपये जास्त, म्हणजे परतीच्या फेरीपुरते तीनशे. "तीनशे रुपयांत चढाला दोन अंश?" त्यांनी खात्री करून घेतली. मी मान हलवली.

"मग मी गिअर टाकेन," काका म्हणाले, आणि त्या रात्री तीनशेचा भुट्ट्याचा कीस आणि गराडू आम्ही चौघांनी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत संपवला. चौथे उस्ताद.